ड्रॉवरमधलं कार्ड आणि पुलावरची रांग

ताई, नमस्कार.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मी गेल्या वर्षी अमेरिकेची नागरिक झाले, नवऱ्याचं अजून ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट आहे. तीन वर्षांपूर्वी दोघांनी ग्लोबल एन्ट्री काढली, म्हणजे अमेरिकेत शिरताना लांब रांग टाळणारं सरकारी सभासदत्व. मुलगी नऊ वर्षांची, जन्म इथलाच, तिच्याकडे फक्त पासपोर्ट. जुलैत सांगलीहून सासू-सासरे येतायत. त्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूनं दाखवायचा आणि पुढे टोरोंटोला भाऊजींकडे चार दिवस राहायचं, असं ठरलंय. गाडीनं, विंडसरवरून.

ग्लोबल एन्ट्री मिळाली तेव्हा टपालानं दोन कार्डं आली होती. ती तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून आहेत. विमानतळावर कोणी कधी मागितली नाहीत. आता घरात वाद सुरू झालाय. नवरा म्हणतो, ते कार्ड म्हणजे पासपोर्टच, तेवढं घेतलं की झालं. भाऊजी फोनवर म्हणतात, पुलावर नेक्ससच्या जलद लेनमध्ये घुसा, कार्ड दाखवा, पाच मिनिटांत पार. आणि सासऱ्यांनी कुठेतरी वाचलंय की भारतातही असं कार्ड निघालंय, तर त्यांनाही ते जायच्या आधी काढायचंय. हे कार्ड नक्की लागतं तरी कधी?

– गोंधळलेली सून, नोव्हाय

*

गोंधळ तुमचा एकटीचा नाही. ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड बऱ्याच घरांत लग्नातल्या चांदीच्या वाटीसारखं असतं. कौतुकानं आलेलं, जपून ठेवलेलं आणि कशासाठी वापरायचं ते कोणालाच ठाऊक नसलेलं.

विमानतळावर ते मागितलं गेलं नाही, कारण तिथे त्याची गरजच नाही. तुम्ही सभासद आहात ही नोंद अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या संगणकात तुमच्या पासपोर्टाशी जोडलेली असते. किऑस्कसमोर उभं राहिलं की यंत्र चेहरा टिपतं, नोंद सापडते आणि अधिकारी तुम्हाला पुढे सोडतो. तुम्ही पासपोर्ट बाळगायचा, तुमच्या यजमानांनी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. प्लॅस्टिकचं ते कार्ड किऑस्कमध्ये चालतच नाही. तेव्हा विमानानं येण्याजाण्यापुरतं ते ड्रॉवरमध्ये राहिलं तर काही बिघडत नाही. फक्त त्याच्या मागच्या बाजूला जो ‘पास आयडी’ क्रमांक छापलाय तो कुठेतरी उतरवून ठेवा. देशांतर्गत तिकीट काढताना ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’च्या रकान्यात तो भरला, तरच बोर्डिंग पासवर ‘टीएसए प्रीचेक’ (सुरक्षा तपासणीची जलद रांग) छापून येतं. नुसतं कार्ड नाचवून त्या रांगेत शिरता येत नाही.

इथे आपल्या मराठी नावांची एक गंमत आहे. पासपोर्टात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिकिटावर ते गाळलेलं, आणि सभासदत्वाच्या खात्यात ते पहिल्या नावाला चिकटवलेलं. मग क्रमांक बरोबर असूनही प्रीचेक येत नाही आणि माणूस विमान कंपनीला शिव्या घालतो. तिकिटावरचं नाव खात्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

कार्डाचं खरं काम आहे रस्त्यावर. विमानतळावर तुम्ही उतरण्याआधीच विमान कंपनीनं प्रवाशांची यादी पाठवलेली असते. कोण येतंय ते त्यांना ठाऊक असतं. पुलावर मात्र तुमची गाडी म्हणजे चार चाकं आणि आतली अनोळखी डोकी. म्हणून त्या कार्डात रेडिओ लहरींवर चालणारी एक चिप बसवलेली असते. गाडी बूथकडे सरकताना कार्ड वाचकयंत्राकडे धरायचं. चिप काही फुटांवरून आपला क्रमांक सांगते आणि तुम्ही खिडकीशी पोचेपर्यंत तुमचा फोटो, नाव, सगळं अधिकाऱ्याच्या पडद्यावर आलेलं असतं. चिपमध्ये स्वतः तुमची कुठलीही माहिती नसते, नुसता एक क्रमांक असतो. पासपोर्टच्या पुस्तकातली चिप अशी दुरून वाचता येत नाही. म्हणून जलद लेनमध्ये ‘माझं सभासदत्व आहे हो, कार्ड तेवढं घरी राहिलं’ हे चालत नाही. तिथे सभासदत्व म्हणजेच ते कार्ड. कार्ड हातात नसेल तर मुकाट्यानं साध्या रांगेत.

आता भाऊजींचा सल्ला. तो निम्मा खरा आहे, आणि असले सल्लेच जास्त गोत्यात आणतात.

ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड नेक्ससच्या लेनमध्ये चालतं, पण फक्त अमेरिकेत शिरताना. कॅनडात जाताना नाही. नेक्सस हा दोन्ही देशांचा मिळून चालवलेला कार्यक्रम आहे. 2000 मध्ये तुमच्याच मिशिगनच्या पोर्ट ह्युरॉनला, पलीकडच्या सार्नियाशी जोडणाऱ्या ब्लू वॉटर पुलावर त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यात दोन्ही देशांचे अधिकारी तुमची पार्श्वभूमी तपासतात आणि दोघांनी होकार दिला तरच कार्ड मिळतं. ग्लोबल एन्ट्री ही एकट्या अमेरिकेची. कॅनडानं तुम्हाला तपासलेलंच नाही, मग विंडसरचा अधिकारी त्या कार्डावर विश्वास कशाला ठेवेल? म्हणजे अँबॅसडर ब्रिजवरून किंवा डेट्रॉइट-विंडसर बोगद्यातून पलीकडे जाताना तुमचं कार्ड लेनसाठी निरुपयोगी, आणि परत येताना उपयोगी.

पण थांबा, तुमच्या बाबतीत परत येतानाही नाही. जलद लेनचा पहिला आणि सगळ्यात कडक नियम असा, की गाडीत बसलेल्या प्रत्येकाकडे स्वतःचं कार्ड पाहिजे. मुलांनासुद्धा. मांडीवरच्या तान्ह्या बाळालासुद्धा. पाच जणांत चौघांकडे आहे, पाचवा म्हातारा आहे, पाहुणा आहे, झोपलाय, यातलं काहीही चालत नाही. तुमच्या गाडीत मुलीकडे सभासदत्व नाही आणि सासू-सासऱ्यांकडेही नाही. तेव्हा या सहलीत जाताना आणि येताना साधी रांग. भाऊजींना तसं सांगून टाका.

हे मी शहाणपणानं नाही, अनुभवानं सांगतेय. बरीच वर्षं झाली. आम्हा उभयतांची नेक्सस कार्डं होती आणि दर दोन महिन्यांनी पूल ओलांडायची सवय. एकदा मागच्या सीटवर मामेसासरे आणि मामी होत्या, नागपूरहून आलेल्या. बोलता बोलता यजमानांनी सवयीनं गाडी त्याच लेनमध्ये घातली. लक्षात आलं तेव्हा दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे आणि मागे गाड्या. अधिकाऱ्यानं दोन कार्डं बघितली, चार डोकी मोजली आणि बोटानं बाजूच्या शेडकडे खूण केली. तिथे पाऊण तास गेला. गाडीची डिकी उघडली, आमच्या खात्यावर ताकीद नोंदली गेली. मामींनी मध्येच तिथल्या बाईंना चिवडा देऊ केला, ते वेगळंच. सुटलो, कारण पहिलीच वेळ होती. अशा चुकीला सभासदत्व सरळ रद्दही होऊ शकतं, आणि एकदा रद्द झालं की ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. पाट्या लेनच्या बऱ्याच आधीपासून लावलेल्या असतात. शेजारी बसणाऱ्यानं मोबाइल खाली ठेवून त्या वाचायच्या, हे काम तुमच्याकडे घ्या.

नवऱ्याच्या ‘कार्ड म्हणजे पासपोर्टच’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ते त्यांना लागू होत नाही, तुम्हाला होतं. 1 जून 2009 पासून अमेरिकेच्या नागरिकांनाही कॅनडा किंवा मेक्सिकोहून रस्त्यानं किंवा बोटीनं परतताना ठरावीक कागदपत्र दाखवावं लागतं. त्याआधी नुसतं तोंडी ‘अमेरिकन सिटिझन’ म्हटलं, फार तर लायसन्स दाखवलं, की भागायचं. त्या ठरावीक यादीत पासपोर्टाबरोबर ही विश्वासू प्रवाशांची कार्डंही आहेत. तेव्हा नागरिक म्हणून रस्त्यानं अमेरिकेत परतायला तुम्हाला हे कार्ड एकटंही पुरतं. ग्रीन कार्डधारकाचं तसं नाही. त्याचा अमेरिकेत येण्याचा हक्क ग्रीन कार्डावर उभा असतो. ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड त्याला लेन देतं, दर्जा देत नाही. शिवाय तुमच्या यजमानांना कॅनडात शिरताना भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही दाखवावं लागेल. एप्रिल 2022 पासून हाच नियम आहे. या दोन्हींमुळे त्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण दोहोंपैकी एकही घरी राहिलं तर विंडसरला अडचण होईल. तुम्हीही पासपोर्ट घ्याच. पलीकडच्या अधिकाऱ्याला तुमच्या कार्डाचं कौतुक नाही, ते वर सांगितलंच.

आणि तुमच्या कार्डाबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला खटकली. कार्ड तीन वर्षांपूर्वीचं, नागरिकत्व गेल्या वर्षीचं. म्हणजे ते कार्ड तुम्ही ग्रीन कार्डधारक असताना मिळालं. नागरिकत्व बदलल्यावर तुम्ही सभासदत्वाच्या खात्यात काही केलंत का? नवा पासपोर्ट क्रमांक किंवा पत्ता घरबसल्या बदलता येतो. नागरिकत्व किंवा नाव बदललं असेल तर नोंदणी केंद्रात जाऊन अधिकाऱ्यासमोर बदल करून घ्यावा लागतो. हे केलं नसेल तर जुलैच्या आधी करा. नाहीतर कार्ड एक सांगतंय, पासपोर्ट दुसरंच, आणि मागे गाड्यांची रांग, असा प्रसंग ओढवेल. दुसरं म्हणजे, ही कार्डं टपालानं आली की तीस दिवसांच्या आत खात्यात जाऊन चालू करायची असतात. पाकीट उघडून सरळ ड्रॉवरमध्ये टाकलंत, तेव्हा तेही राहिलेलं असण्याची मला दाट शंका आहे. दोन्ही खाती उघडून बघा.

नेक्सस घ्यावं का? तुम्ही हे विचारलेलं नाही, पण नोव्हायहून विंडसर तासाभराच्या आत आणि पलीकडे सख्खे भाऊजी, म्हटल्यावर हा प्रश्न यायचाच. ऑक्टोबर 2024 पर्यंत नेक्सस 50 डॉलरला मिळायचं आणि ग्लोबल एन्ट्री 100 ला. मोठं सभासदत्व निम्म्या भावात, अशी ती गंमत होती आणि जाणकार मंडळी हळूच तेच घ्यायची. आता दोन्ही 120 डॉलर, पाच वर्षांसाठी. नेक्ससमध्ये ग्लोबल एन्ट्रीचे आणि प्रीचेकचे फायदे येतातच, वर कॅनडात शिरतानाची लेन मिळते. त्यामुळे तुमची मुदत संपत आली की नूतनीकरण ग्लोबल एन्ट्रीचं न करता नेक्ससचा अर्ज करावा, असं मला वाटतं. मुलीचाही त्याच वेळी करा. अठराच्या आतल्या मुलांना फी नाही. पण तुम्ही वर्षाकाठी एकदाच जाणार असाल आणि तेही दर वेळी पाहुणे घेऊन, तर खटाटोप करू नका. मुलाखतीची तारीख मिळवण्यातच जेवढा वेळ जाईल तेवढा पाच वर्षांत त्या रांगेत जाणार नाही. नायगाराला व्हर्लपूल रॅपिड्स ब्रिज नावाचा एक जुना पूल आहे, तो फक्त नेक्ससवाल्यांसाठी आहे. तिथे साधी रांगच नाही. दर आठवड्याला ये-जा करणाऱ्यांना तो पूल म्हणजे स्वर्ग. तुमच्या सासऱ्यांना मात्र रेनबो ब्रिजच बरा. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, पण खिडकीतून धबधबा दिसतो.

मेक्सिकोच्या सीमेवर राहणाऱ्या वाचकांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नये. तिथे सेंट्री नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, 1995 मध्ये सॅन डिएगोजवळच्या ओटाय मेसाला सुरू झालेला. तिकडे माणसाबरोबर गाडीचीही नोंदणी लागते. ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड तिथेही चालतं, पण गाडी नोंदवलेली नसेल तर लेन तुमची नाही. तिहुआनाला फिरायला जाऊन मित्राच्या गाडीतून परतणाऱ्यांची फजिती होते ती इथेच.

आता सासऱ्यांचं. त्यांनी वाचलंय ते खरं आहे, फक्त ते कार्ड नाही. भारत सरकारनं 22 जून 2024 ला दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ हा कार्यक्रम सुरू केला. 16 जानेवारी 2025 ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर तो आला. नोंदणी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, फी नाही. कागदपत्रं तपासून झाली की बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात किंवा जाता-येता विमानतळावरच. त्यानंतर इमिग्रेशनच्या खिडकीऐवजी ई-गेट. तिथे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवला, चेहरा जुळला की दार उघडतं. मुदत पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. त्यामुळे वर्षभरात पासपोर्ट संपणार असेल तर आधी तो नवा करावा, मग हे. मुंबईहून पहाटेची विमानं पकडणाऱ्या ज्येष्ठांची तिथली तिष्ठत उभं राहण्याची वेळ वाचते, हे खरंच चांगलं आहे. काढू द्या त्यांना. भारतीय नागरिकांबरोबर ओसीआय कार्डवाल्यांनाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांनाही, ते खुलं आहे, म्हणजे तुम्ही ओसीआय घेतलं असेल तर तुम्हालाही. पण त्याचा अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या सीमेशी काडीचाही संबंध नाही, एवढं सासऱ्यांना आधीच सांगा. नाहीतर डेट्रॉइटला उतरल्यावर ‘मी ट्रस्टेड आहे’ म्हणून सांगतील. भारतीय नागरिकांना 2017 पासून अमेरिकेची ग्लोबल एन्ट्रीही घेता येते, पण त्यासाठी आपल्याकडच्या पासपोर्ट यंत्रणेतून पोलीस पडताळणी लागते. दोन-तीन वर्षांतून एकदा नातीला भेटायला येणाऱ्यांनी त्या फंदात पडू नये.

तुमच्या पत्रात लेन, कार्ड, सगळं आहे, आणि ज्याच्यावर सगळी सहल अडलीय त्याचा उल्लेखच नाही. सासू-सासऱ्यांचा कॅनडाचा व्हिसा काढलाय ना? त्यांच्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून कॅनडा सोडणार नाही. भारतीय पासपोर्टावर नुसतं पर्यटनाला जायचं तरी वेगळा व्हिसा लागतो, आणि तो सांगलीहून निघण्याआधीच हातात असलेला बरा. त्याचबरोबर त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसावर ‘एन्ट्रीज’पुढे ‘एम’ (अनेकदा प्रवेश) अक्षर आहे का आणि परतीच्या दिवशी तो व्हिसा चालू आहे का, हेही बघा. नायगाराहून परत येणं म्हणजे अमेरिकेत पुन्हा नव्यानं शिरणं. व्हिसा एकाच वेळेपुरता असेल तर धबधबा अलीकडूनच बघावा. न्यूयॉर्कच्या बाजूनंही तो काही वाईट दिसत नाही, कॅनडावाले काहीही म्हणोत.

गाडीत निघताना पाच पासपोर्ट, यजमानांचं ग्रीन कार्ड आणि हो, तुमची दोन कार्डंही घ्या. या खेपेला लेनसाठी नाहीत, तरी खिडकीतून पासपोर्टाबरोबर द्यायला काही हरकत नाही. समोरच्याला कळतं की निदान पुढे बसलेल्या दोघांची आधी तपासणी झालेली आहे. शिवाय मे 2025 पासून देशांतर्गत विमानाला ‘रिअल आयडी’ (केंद्राच्या निकषांत बसणारं लायसन्स किंवा ओळखपत्र) सक्तीचा झालाय, त्याला पर्याय म्हणून हे कार्ड चालतं. तेव्हा एरवीही ते ड्रॉवरपेक्षा पर्समध्ये बरं. सासूबाईंचा पासपोर्ट त्यांच्या पर्समधल्या कप्प्यातल्या पिशवीतल्या पाकिटात असेल, तो बूथच्या अर्धा मैल आधी बाहेर काढून घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. सभासदत्व असलेल्या माणसाची चूक साध्या प्रवाशापेक्षा महाग पडते. 2018 मध्ये विमानात खाऊ म्हणून मिळालेलं एक सफरचंद पिशवीत राहिलं आणि जाहीर केलं नाही, म्हणून एका प्रवासी बाईंना 500 डॉलर दंड झाला. वर ग्लोबल एन्ट्री जाण्याची पाळी आली. एका सफरचंदापायी. तेव्हा परतताना ‘खायचं काही आहे का’ असं विचारलं तर बेसनलाडूसकट सगळं सांगा. सांगितलेल्या वस्तूला दंड नसतो. फार तर काढून घेतील. ताज्या कढीपत्त्याला तर मनाईच आहे, त्याच्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांची कीड येते म्हणून. भाऊजींच्या घराजवळच्या दुकानात तो जुड्यांनी मिळेल आणि सासूबाईंना मोह होईल. त्याची फोडणी टोरोंटोतच घालून खाऊन या.